नांदेडहून मुंबईला डान्स म्युझिकल बघायला जायचंय, पण मेन हिरोइनच्या जागी अंडरस्टडी (तिचा रोल शिकून तयार असलेली बदली कलाकार) आली तर तिकिटाचे पैसे वाया जातात का?

अजिबात नाही, बिनधास्त जा. अंडरस्टडी बहुतेक वेळा रोज त्याच शोमध्ये मागं नाचत असते अन् लीडचा रोल तिचा पाठच असतो. १९५४ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द पजामा गेम' या म्युझिकलमध्ये कॅरल हॅनीचा घोटा दुखावला, तिच्या जागी शर्ली मॅक्लेन उभी राहिली अन् तिचं काम बघून हॉलिवूडच्या निर्मात्यानं तिला थेट सिनेमासाठी साइन केलं! मला तर स्विंगवाल्यांचं, म्हणजे कुठलाही डान्सर आला नाही की त्याच्या जागी उतरणाऱ्यांचं, लई कौतुक वाटतं, हे लोक एकटे कित्येक डान्सरच्या स्टेप्स, उभं राहायच्या जागा सगळं डोक्यात ठेवतात, कारण एक पाऊल चुकलं की स्टेजवर सरळ धडक होते. फक्त एखाद्या ठराविक कलाकारासाठीच जाणार असाल तर देवगिरीचं रिझर्व्हेशन करायच्या आधी त्या दिवशीची कास्ट विचारून घ्या.