बारावीला गणित सोडलं होतं, आता बायोस्टॅटिस्टिक्स डोक्यावरून जातंय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या सेमिस्टरला आहात, आणि टी टेस्ट, काय-स्क्वेअर, पी व्हॅल्यू यांचा एकदम मारा सुरू झालाय, असं लिहिलंय तुम्ही. 'पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी म्हणजे सिग्निफिकंट' एवढं पाठ आहे, पण म्हणजे काय ते कळत नाही, हेही. मी डॉक्टर, तुमच्यासारखाच बी-ग्रुपवाला, म्हणजे बारावीला गणिताऐवजी बायोलॉजी घेतलेला. दहावीतले मध्य, मध्यक, बहुलक एवढ्या शिदोरीवर एमडीच्या थीसिसपर्यंत पोचलो होतो. आता दरवर्षी पीजींच्या थीसिसमधली टेबलं तपासतो आणि बहुतेकांचं घोडं तुमचं अडलंय तिथेच अडलेलं दिसतं.

सूत्रं आठवडाभर बाजूला ठेवा. दोन रांगा, दोन रकान्यांचं एकच टेबल घ्या. माझं आवडतं टेबल १९४८ सालचं आहे, ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचं. औषध नवं, साठा तुटपुंजा. सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं. म्हणून दोन्ही फुफ्फुसांचा तीव्र क्षयरोग असलेल्या १०७ तरुण रुग्णांपैकी औषध कुणाला हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता बंद पाकिटांतून ठरवलं. ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाची ही योजना. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४.

आता कुणी शंकेखोर म्हणेल, औषध बिनकामाचंच आहे, मरणारे १८ जण कसेही मेलेच असते, योगायोगाने त्यातले जास्त दुसऱ्या गटात गेले. त्याचं म्हणणं घटकाभर खरं धरा. वहीच्या पानाच्या १०७ चिठ्ठ्या करा, १८ चिठ्ठ्यांवर फुली मारा, डब्यात ढवळा आणि न बघता ५५ काढा. फुल्या किती आल्या? साधारण ९ याव्यात, कारण १८ गुणिले ५५ भागिले १०७ म्हणजे ९.२५. प्रत्यक्षात कधी ८ येतील, कधी ११. पुन्हा सगळ्या डब्यात टाका, पुन्हा काढा. ४ किंवा त्याहून कमी फुल्या यायला तुमची संध्याकाळ जाईल. शंभर वेळा काढूनही कदाचित एकदाही येणार नाहीत.

'नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून जास्त फरक किती वेळा पडेल' हीच पी व्हॅल्यू. काय-स्क्वेअर चिठ्ठ्या न कापता तेच काम करतो. चारही घरांत प्रत्यक्ष आकडा वजा अपेक्षित आकडा, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित, आणि चौघांची बेरीज. इथे ती ७.३७ च्या आसपास येते. पी ०.०५ ची वेस अशा टेबलासाठी ३.८४ वर आहे; बेरीज जितकी मोठी तितकी पी लहान, म्हणजे आपण बरेच पुढे आहोत. एकदा कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा, पंधरा मिनिटं लागतात.

व्हायवात हमखास पडतो तो खड्डा असा: पी ०.०१ म्हणजे 'औषध निरुपयोगी असण्याची शक्यता १ टक्का' नव्हे. औषध निरुपयोगी आहे हे तर आपण आधीच धरून चाललोय. चिठ्ठ्यांचा डबा त्याच गृहीतावर उभा आहे. आणि औषध किती गुणकारी आहे हेही पी सांगत नाही. त्यासाठी साधी टक्केवारी काढा. ७ टक्के विरुद्ध २७ टक्के मृत्यू, फरक २० टक्क्यांचा. म्हणजे पाच जणांना औषध दिलं की सहा महिन्यांपुरता एक जीव वाचतो. मला विचाराल तर हे वाक्य पीपेक्षा कितीतरी मोलाचं आहे, पण थीसिसात ते कुणी लिहीत नाही.

'सहा महिन्यांपुरता' उगाच नाही म्हटलं. याच रुग्णांचा पाच वर्षांनंतरचा हिशेब असा: औषधवाल्या ५५ पैकी ३२ मृत्यू, दुसऱ्या ५२ पैकी ३५. हेच टेबल पुन्हा सोडवा, बेरीज १ च्या आतच राहते, ३.८४ च्या वेशीपासून लांब. गणित बदललं नाही, जंतू बदलले. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला ते दाद देईनासे झाले, म्हणूनच पुढे क्षयावर एकाहून अधिक औषधं एकत्र देण्याची पद्धत पडली. तुम्ही मायक्रोबायोलॉजीवाले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

सॉफ्टवेअरची घाई नको. एक्सेल पुरेसं आहे. टी टेस्ट नंतर.

पण मीन (सरासरी) आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, ± नंतर लिहितात ते) डोळे झाकून लिहू नका. माझ्या थीसिसात 'रुग्ण किती दिवस भरती होते' या ओळीत मी ६ ± ९ दिवस असं छापलं होतं. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "डॉक्टर, हे उणे तीन दिवस कोण राहिलं होतं तुमच्या वॉर्डात?" मी गप्प. बहुतेक रुग्ण दोन-चार दिवसांत घरी गेले होते आणि मोजके काही महिना-दीड महिना खाटेवर होते. त्या मोजक्यांनी सरासरी ओढून नेली होती. असा एकीकडे लांब शेपूट असलेला डेटा असेल तर मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा लिहायचा, दहावीतलाच. रूमवर येऊन काढला, ३ दिवस आला.