झाडांखाली वाजवताना

प्रश्न : मी मॉड्युलर सिंथेसायझरवर (सुटे भाग तारांनी जोडून आवाज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर) प्रायोगिक संगीत करतो. आजवर सगळं बंद खोलीत झालं. या शरदात, पानगळ सुरू झाल्यावर, सूर्यास्ताच्या सुमारास झाडांखाली पंचवीसेक जणांसमोर तासभर वाजवणार आहे. तालमीत दोन अडचणी आल्या. खोलीत भरदार वाटणारे आवाज बाहेर पातळ वाटले आणि अंधार पडता पडता ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर काढणारे भाग, सुरातून सरकू लागले. मोठे स्पीकर आणू, की सगळं आधी रेकॉर्ड करून लॅपटॉपवरून ऐकवू?

उत्तर : दोन्ही नको. रेकॉर्ड केलेलंच ऐकवायचं असेल तर लोकांना गारठ्यात बाहेर बसवायला कारणच उरत नाही.

आधी पातळपणाचं पाहू. खोलीत भिंती आणि छत आवाज परत पाठवतात, त्यामुळे खर्ज भरून येतो. उघड्यावर ते परतणं जवळजवळ नसतं. शिवाय अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे २ मीटरवर बसलेल्यापेक्षा १६ मीटरवरच्याला १८ डेसिबल कमी. मोठा स्पीकर लावून मागच्यांपर्यंत पोहोचायचं म्हटलं, तर पुढच्यांचे कान किटतात. त्यापेक्षा बॅटरीवरचे चार लहान स्पीकर श्रोत्यांमध्येच पसरून ठेवा आणि हळू वाजवा. ते एकमेकांपासून १७ मीटरवर असतील तर आवाजाला एकाकडून दुसऱ्याकडे जायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. ठेक्याचे तुकडे त्यात विस्कटतात, लांब नाद मात्र सुंदर पसरतात. आणि एक आग्रह : खोलीची उणीव भरून काढायला रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) ओतू नका. आकाशाखाली खोटं सभागृह लगेच कळतं.

हळू वाजवायला आणखी एक कारण आहे. निरभ्र, वारा नसलेल्या संध्याकाळी जमीन लवकर थंड होते, वरची हवा तिच्याहून उबदार राहते आणि वर निघालेला आवाज वाकून खाली येतो. दुपारी जो जवळच विरला असता, तो रात्री दूरच्या घरांत शिरतो. मॅक्स न्यूहाउस या अमेरिकन ध्वनिकलाकाराने १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या एका पादचारी बेटावर, लोखंडी जाळीखालून सतत घुमणारा नाद बसवला. भोवती एवढी रहदारी असूनही त्याने तिच्यावर मात करणारा आवाज केला नाही, त्या गोंगाटातच राहणारा केला. बाहेर वाजवणाऱ्याने त्यातून हेच घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता सूर. ॲनालॉग ऑसिलेटरमध्ये व्होल्टेजचं सप्तकांत रूपांतर करतो तो ट्रान्झिस्टर, आणि त्याचा स्वभाव तापमानाप्रमाणे बदलतो. सर्किटमध्ये भरपाईची सोय नसेल तर हा फरक दर अंशाला सुमारे ०.३ टक्के पडतो. हवा १० अंशांनी उतरली की तीन सप्तकांच्या अंतरात सेमीटोनभर (अर्ध्या स्वराइतकी) चूक सहज होते. ज्यांत भरपाई असते तेही थोडे हलतात. म्हणून सगळी यंत्रं तासभर आधी बाहेर मांडून चालू ठेवा, पॅनेलवर थेट वारा येऊ देऊ नका आणि सूर अगदी शेवटी लावा. एक डिजिटल ऑसिलेटर सोबत असू द्या. त्याची लय क्वार्ट्झवर चालते, तो थंडीने फारसा सरकत नाही. त्याला षड्ज माना आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती सरकू द्या. दोन स्वर हळूहळू दुरावताना जी कंपनं उमटतात, ती खोलीत मुद्दाम घडवावी लागतात. इथे ती संध्याकाळच घडवते. तुमच्याकडे तासभर आहे, तेवढ्यात हा प्रवास नीट ऐकू येईल.

रातकिड्यांकडेही लक्ष द्या. हवा गार होते तसं त्यांचं किरकिरणं मंदावतं. एमॉस डॉलबेअर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी १८९७ मध्ये या वेगावरून तापमान काढण्याचं सूत्रच मांडलं होतं. थांबून थांबून किरकिरणारा एखादा जवळ असेल तर त्याच्यापाशी माइक ठेवा, एन्व्हलप फॉलोअरमधून (आवाजाच्या चढउताराचं व्होल्टेज करणाऱ्या भागातून) त्याच्या ठोक्यांवर तुमचा सिक्वेन्सर (स्वर क्रमाने वाजवणारा भाग) चालवा. मग लयही त्याच थंडीने उतरेल जिने सूर हलवले. अनेक रातकिडे ४ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास गातात; तो पट्टा मोकळा ठेवा. गारठा फार वाढला तर ते गप्प होतील, तेव्हा हाताने लय धरायची तयारी असू द्या.

बाकी काळजी थोडक्यात. दव पडायच्या आत टेबलावर छत्री किंवा ताडपत्री हवी. मुख्य वीज घेणार असाल तर वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच हवाच. लिथियम बॅटरी थंडीत लवकर उतरते, जादाची अंगाजवळ ठेवा. गार झालेली यंत्रं उबदार खोलीत नेली की बॅग लगेच उघडू नका, आत पाणी सुटतं.

प्रश्न : सुक्या पानांचा आवाज थेट वापरायचा आहे. पिझो चकती (कंपनांचं विजेत रूपांतर करणारा चपटा माइक) सरळ मिक्सरला जोडली तर नुसती कर्कश चरचर येते. काय करू?

उत्तर : पिझोला सुमारे १ मेगाओम विद्युत-रोधाचं इनपुट लागतं, त्याहून बरंच कमी असेल तर खर्ज गळतो आणि चरचर उरते. गिटारचं इनपुट किंवा लहान प्रीॲम्प (क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) मध्ये घाला. चकती पानाला लावू नका, वाळलेल्या फांदीला घट्ट बांधा आणि पानं त्या फांदीवर घासू द्या.