सिग्नलला थांबताच एसीची हवा कोमट का होते?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे. तुळजापूरच्या रस्त्यावर ती धावत असताना एसी उत्तम गार करतो. मात्र सात रस्ता चौकात सिग्नलला थांबलो की थोड्याच वेळात हवा कोमट होते. मागील दोन्ही उन्हाळ्यांत गॅस भरून घेतला. पहिल्या वेळी फरक पडला, दुसऱ्या वेळी फारसा नाही. आता कॉम्प्रेसर गेला आहे, असे गॅरेजमध्ये सांगतात. तो बदलावा का?
— एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : इतक्यात बदलू नये. जुना झालेला कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर दाब निर्माण करण्यात कमी पडतो, हे खरे. पण आपण सांगितलेल्या लक्षणावरून आधी संशय घ्यावा तो रेडिएटरजवळच्या पंख्याचा. गाडीतील उष्णता बाहेर टाकण्याचे काम पुढच्या जाळीमागील कंडेन्सर करतो. गाडी धावत असताना त्याला वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर मात्र सारी भिस्त पंख्यावर असते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीपार गेलेला असताना पंखा बंद असेल, तर गॅसचा दाब वाढत जातो आणि शेवटी प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो.

इंजिन आणि एसी चालू ठेवून, उभ्या गाडीत पंखा फिरतो का ते पाहावे. तो अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात लांब ठेवावा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले आणि मोटार तपासून घ्यावी. फिरत असेल तर कंडेन्सरच्या पात्यांत धूळ आणि किडे अडकले आहेत का ते पाहून तो साध्या पाण्याने धुवावा. जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात आणि हवेची वाट आणखी अडते.

आता गॅसविषयी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. दरवर्षी भरावा लागत असेल तर तो कुठून तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणारच. सांध्यावरचा तेलकट डाग हा गळतीचा चांगला पुरावा असतो, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते. याउलट, अंदाजाने जास्त गॅस भरला तर दाब वाढून थांबलेल्या गाडीतील कूलिंग अधिकच बिघडते. दुसऱ्या वेळी आपल्याला फरक जाणवला नाही, त्यामागे हेही कारण असू शकते. म्हणून जुना गॅस यंत्राने काढून घेऊन, गळती दुरुस्त करून, व्हॅक्यूमने नळ्यांतील हवा व ओल काढावी आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरावा. अशा गाड्यांच्या एसीत सहसा असणारा आर-१३४ए हा गॅस तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक घातक असल्याने तो हवेत सोडू देऊ नये.

कॉम्प्रेसरचा निर्णय दाब मोजणारे गेज लावूनच व्हावा. तो चालू असताना कमी दाबाच्या आणि जास्त दाबाच्या बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे येत असतील, तर तो खरोखरच दाब निर्माण करत नाही. दोन्ही आकडे चढे असतील तर दोष कंडेन्सर, पंखा किंवा जादा गॅस यांत शोधावा. दोन्ही उतरलेले असतील तर बहुधा गॅस कमी आहे. हे आकडे समोर पाहिल्याशिवाय बदलण्यास होकार देऊ नये. बदलावाच लागला, तर सोबत ड्रायरही (गॅसमधील ओल शोषणारा भाग) नवा घालून घ्यावा आणि जुन्या तेलात धातूचा कीस दिसतो का ते तपासून घ्यावे, कारण तो कीस नळ्यांत राहिला तर नवा कॉम्प्रेसरही लवकर निकामी होतो.