पंचांग पाहून बाटली भरू नये

बिअर तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काढली आणि आता इंदुरात राहून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देते. या वेळच्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांत तक्रारीच्या आधी दिवसांचा हिशेब आलेला आहे: चौदा दिवस ठेवली, दोन दिवस गॅस दिला. म्हणून सुरुवात ज्या पत्रात या हिशेबाने खरोखर धोका निर्माण केला, त्याच पत्रापासून करते.

प्रश्न : मी मूळचा इंदूरच्या रामबागेतला, आता मेलबर्नला असतो. ऑगस्टमध्ये गॅरेजमध्ये पहिल्यांदा बिअर केली. कृतीत लिहिल्याप्रमाणे चौदा दिवस आंबवली आणि लिटरला 7 ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या. चव छान होती, पण डिसेंबरच्या उकाड्यात एका रात्रीत चार बाटल्या फुटल्या. साखर जास्त झाली का?

आधी उरलेल्या बाटल्यांचे पाहा. जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून, प्रत्येक बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, आणि पूर्ण गार झाल्यावरच टॉवेलसकट धरून झाकण हळूहळू सैल करा. फुटलेल्या काचेने डोळा गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, त्यामुळे मुलांना त्या खोलीत मुळीच जाऊ देऊ नका.

आता कारण. बाटलीत घातलेल्या एक ग्रॅम साखरेपासून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपल्या 7 ग्रॅम साखरेचा वायू आणि बिअरमध्ये आधीपासून विरघळलेला वायू एकत्र धरला, तर एक लिटर बिअरमध्ये पावणेतीन लिटरच्या आसपास वायू होतो. हे प्रमाण किंचित चढे आहे, पण बाटली फोडणारे नाही. बाटली फोडली ती आपण न घातलेल्या, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) काढ्यात आंबायची राहून गेलेल्या साखरेने. मेलबर्नला ऑगस्ट म्हणजे हिवाळा. गॅरेजमधल्या थंडीत यीस्ट मंदावले, बुडबुडे थांबले, आणि चौदा दिवस भरल्यामुळे आंबणे संपले असे आपल्याला वाटले. डिसेंबरात ऊब मिळताच त्याच यीस्टने बंद बाटलीत उरलेले काम पुरे केले.

हे टाळण्याचे साधन म्हणजे हायड्रोमीटर, द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी. साखर आंबत जाते तसा त्याचा आकडा उतरतो, आणि त्याची किंमत एका जेवणाहून कमी असते. उंच नळकांड्यात बिअरचा नमुना घ्या आणि तो दोन भांड्यांत पाच-सहा वेळा वरखाली करून त्यातला वायू घालवा, कारण काचेच्या दांडीला चिकटलेले बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. हायड्रोमीटर सोडताना बोटांनी हलकी गिरकी द्या. तो स्थिर झाला की डोळे द्रवाच्या पातळीशी आणा आणि दांडीलगत वर चढलेल्या कडेचा आकडा न घेता मधल्या सपाट पृष्ठभागाचा आकडा वाचा. बहुतेक हायड्रोमीटर 20 अंश सेल्सिअसला बेतलेले असतात, म्हणून नमुना त्याच तापमानाला आणावा. त्या तापमानाच्या साध्या पाण्यात आकडा 1.000 येतो की नाही, हेही एकदा तपासून ठेवावे.

समजा सुरुवातीचा आकडा 1.052 होता आणि बिअर 1.012 वर थांबायला हवी होती, पण आपण ती 1.018 वर असतानाच बाटलीत भरली. आकडा 0.001 ने उतरला की प्रत्येक लिटर बिअरमागे साधारण अर्धा लिटर वायू तयार होतो. सहा अंकांचा फरक म्हणजे तीन लिटर वायू, आणि तो आधीच्या पावणेतीन लिटरांवर. साधी बिअरची बाटली एवढ्यासाठी केलेली नसते. त्यात उष्णतेची भर पडते: योग्य प्रमाणात वायू असलेल्या बिअरचासुद्धा दाब 4 अंशांना दर चौरस इंचावर 12 पौंड असेल, तर 35 अंशांना तो 44 पौंडांच्या घरात जातो.

तेव्हा दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे तंतोतंत सारखे आणि अपेक्षित पातळीवर आले, तरच बाटली भरावी. आकडा अपेक्षेपेक्षा वर अडला असेल, तर पिंप 20 अंशांच्या उबेत आणून आठवडाभर वाट पाहावी. याच दोन आकड्यांतून मद्याचे प्रमाणही निघते: 1.052 मधून 1.012 वजा करून 131.25 ने गुणले की 5.25 टक्के.

प्रश्न : आमचा मुलगा परदेशातून इंदूरला परत येताना बिअरचे सगळे साहित्य, 19 लिटरचा केगसुद्धा (दाब सोसणारे धातूचे पिंप) आणतो आहे. सुदामा नगरातल्या घरी बिअर केलेली चालेल का?

चालणार नाही. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, 1915 नुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे आणि त्यात बिअर येते. अमेरिकेत 1978 मध्ये कायदा होऊन घरगुती बिअर करमुक्त झाली, ब्रिटनमध्ये तर 1963 पासूनच परवाना लागत नाही. त्या देशांतली पुस्तके वाचून आपल्याकडेही तसेच असेल असे अनेकांना वाटते. मुलाने तिथे जे केले ते इथे करू नये, हे त्याला विमानात बसण्याआधीच सांगावे.

केग मात्र वाया जाणार नाही. हे पिंप मुळात शीतपेयांच्या पाकासाठीच बनवले गेले होते. त्यात गार पाणी भरून 4 अंशांना दर चौरस इंचावर 30 पौंडांच्या दाबाने आठवडाभर वायू दिला, तर उत्तम सोडा मिळतो आणि त्यात कोकमचे आगळ घालून दिले की मे महिन्यात पाहुणे उठायचे नाव घेत नाहीत. वायू खाद्यपेयांसाठी प्रमाणित केलेलाच घ्यावा. सिलिंडर बंद, लहान खोलीत ठेवू नये, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि गुदमरवतो.

प्रश्न : न्यू जर्सीला घरी केगमध्ये बिअर भरतो. 30 पौंडांचा दाब देऊन केग दोन दिवस हलवला, तर पेल्यात नुसता फेस. दाब 5 पौंडांवर आणला, तर आठवड्याने बिअर मिळमिळीत झाली. मधला मार्ग कोणता?

आपण दाबाचा एकच आकडा धरून दोन वेगळी कामे करू पाहत आहात, आणि ती दोन्ही समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. पहिले काम वायू विरघळवण्याचे. तो किती विरघळणार हे दाब आणि बिअरचे तापमान मिळून ठरवतात. 4 अंशांच्या बिअरला 12 पौंडांचा दाब सतत दिला, तर आठ-दहा दिवसांत लिटरमागे अडीच लिटर वायू विरघळतो आणि मग कितीही दिवस ठेवली तरी वाढत नाही. हीच बिअर 20 अंशांना असेल, तर तेवढ्याच वायूसाठी सुमारे 28 पौंड लागतात. केग हलवून घाई केली, की ही मर्यादा कुठे ओलांडली हे कळायला मार्ग राहत नाही.

दुसरे काम बिअर पेल्यापर्यंत शांतपणे आणण्याचे, आणि ते नळीचे आहे. आपण नळीची लांबी लिहिलेली नाही, परंतु नव्या संचांबरोबर पुष्कळदा मीटर-दीड मीटरच नळी येते. 12 पौंडांच्या दाबाने ढकललेली बिअर एवढ्या आखूड नळीतून सुसाट येते आणि तोटीपाशी दाब एकदम सुटल्याने सगळा वायू फेसाच्या रूपाने बाहेर पडतो. आतून सुमारे 5 मिलिमीटर व्यासाची, तीन मीटर लांब नळी घ्या आणि तिची वेटोळी फ्रिजमध्येच ठेवा. तिच्या घर्षणाने दाब वाटेतच उतरतो. फेस कमी व्हावा म्हणून रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरवरचा दाब ठरवणारा नळ, खाली आणणे, हा आपण केलेला उपाय फार जण करतात आणि त्यानेच बिअर मरते, कारण दाब उतरला की विरघळलेला वायू बिअर सोडून वरच्या रिकाम्या जागेत जातो.

आजचा केग सावरायचा असेल, तर तो आधी चांगला गार करा आणि त्याला 12 पौंडांवर ठेवून आठवडाभर हात लावू नका. पुढे कधी वायू जास्त झाला, तर सिलिंडरची जोडणी काढून दिवसातून चार-पाच वेळा केगच्या झडपेतून दाब सोडावा. आणि सिलिंडर अकाली रिकामा होत असेल, तर साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक जोडाला आणि झाकणाच्या रबरी कड्याला लावून बुडबुडे शोधावेत. बहुतेक वेळा दोषी ते कडेच असते.

प्रश्न : इंदुरातल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत (बिअरच्या छोट्या कारखान्यात) मी उमेदवारी करतो. नवा तापमापक उकळत्या पाण्यात 98 दाखवतो. परत करू का?

परत करू नका. तापमापक बरोबर आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचावर आहे आणि इथे पाणी 98 अंशांच्या थोडे वर उकळते. आता तोच तापमापक बर्फ आणि पाणी यांच्या दाट मिश्रणात बुडवून शून्य दाखवतो का, ते पाहा. ही काळजी वायफळ नाही, कारण माल्ट भिजवताना 65 अंशांना अधिक आंबणारी साखर सुटते आणि बिअर कोरडी, म्हणजे कमी गोड, आणि हलकी होते, तर 69 अंशांना न आंबणारा भाग अधिक राहून ती भरीव लागते. चार अंशांनी बिअरचा स्वभाव बदलतो. याच उंचीमुळे बाहेरच्या हवेचा दाबही इथे जवळजवळ एक पौंड कमी आहे. परदेशी तक्त्यात 12 लिहिले असेल, तर आपण 13 धरावे.

प्रश्न : लंडनमध्ये केलेल्या माझ्या तिन्ही बिअरना दवाखान्यासारखा वास आला. भांडी तर निर्जंतुक केली होती.

क्लोरीनचा संशय घ्या. नळाच्या पाण्यातला किंवा भांडी धुण्याच्या ब्लीचमधला क्लोरीन फिनॉलवर्गीय द्रव्यांशी मिळाला, की अत्यल्प प्रमाणातही हा वास येतो आणि नंतर काही केल्या जात नाही. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीनचेच एक टिकाऊ रूप) असेल, तर रात्रभर उघडे ठेवूनही ते निघत नाही. 20 लिटर पाण्यात मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी चुरून ढवळली की काही मिनिटांत काम होते. ब्लीच मात्र घरातून काढाच.

प्रश्न : वडोदऱ्याला आम्ही आले, साखर आणि लिंबू आंबवून 'जिंजर बिअर' करण्याचा विचार करतो आहोत. नावात बिअर असली तरी ती मद्य नाही ना?

नावावर जाऊ नका. यीस्ट जिथे साखरेपासून वायू करते, तिथे मद्यही करतेच. सोड्यासारखा फसफसाट येण्यापुरती, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम साखर आंबली, तरी सुमारे 0.6 टक्के मद्य तयार होते, आणि गुजरातच्या उन्हाळ्यात आंबणे तेवढ्यावर थांबत नाही. गुजरातमध्ये राज्यस्थापनेपासून, म्हणजे 1960 पासून दारूबंदी आहे. त्यामुळे आंबवणेच टाळावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. शिवाय अशा पेयात लिटरला 80 ग्रॅम साखर असते आणि काचेच्या बाटलीत ती सगळी आंबू लागली, तर काय होते ते मेलबर्नच्या पत्रात आलेच आहे.

100 ग्रॅम आले किसून, 150 ग्रॅम साखर आणि पाव लिटर पाण्यात मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळा, गाळा, पूर्ण गार झाल्यावर दोन लिंबांचा रस घाला. पेल्यात आधी एक भाग पाक आणि मग कडेने चार भाग बर्फगार सोडा ओतावा. मुलांनाही निर्धास्त देता येते.

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्र नगरातले आम्ही चार मित्र महिन्यातून एकदा ताजी बिअर प्यायला जातो. गव्हाच्या बिअरमध्ये मला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, मित्रांना काहीच येत नाही. त्यात अर्क घालतात का? आणि चव नीट ओळखायची कशी?

अर्क घालत नाहीत. त्या बिअरसाठी वापरले जाणारे विशिष्ट यीस्टच आंबवताना केळ्याच्या वासाचे आयसोअमाइल ॲसिटेट आणि लवंगेसारख्या वासाचे एक फिनॉल तयार करते. आपले नाक बरोबर आहे. मित्रांनी बिअरसोबत काय खाल्ले, ते विचारा. उत्तर लौंग सेव, म्हणजे लवंग घातलेली शेव, असेल, तर उलगडा झाला. लवंगेतले युजेनॉल जीभ बधिर करते आणि नाकाला तोच वास इतका भरून देते, की पेल्यातला मंद वास वेगळा उमटत नाही. शेवेवर माझा राग नाही, पण ती चव पाहून झाल्यावर घ्यावी. आधी साधा पाव आणि पाणी पुरे.

पेला साबणाचा अंश न राहता धुतलेला असावा, कारण साबणाने फेस बसतो आणि फेसाबरोबर वासही जातो. बिअर थोडी जोरात ओतून दोन बोटे फेस येऊ द्या. पहिला घोट घेण्याआधी तीन-चार वेळा आखूड हुंगा. फ्रिजमधून नुकतीच काढलेली बिअर जिभेला काहीच सांगत नाही. पेला दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटे बसलात, की 8 ते 10 अंशांच्या आसपास वास एकेक करून उघडू लागतात. हिरव्या सफरचंदाचा वास आला, तर बिअर कच्ची काढलेली असते; ओल्या पुठ्ठ्याचा आला, तर हवा लागून शिळी झालेली असते; आणि उन्हात ठेवलेल्या हिरव्या बाटलीतून जो उग्र, कुबट वास येतो, तो प्रकाशाने हॉप्समधल्या (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू द्रव्यांचे विघटन झाल्याचा असतो.

लोण्याचा वास सर्वांत फसवा, कारण अनेकांना तो आवडतो. तो डायअॅसिटिलचा असतो आणि बहुतेक बिअरमध्ये तो दोष मानला जातो. यीस्ट हे द्रव्य शेवटी स्वतःच पचवते. त्याआधी घाईने बिअर गार केली, तर ते मागे राहते. प्रयोगशाळेत आम्ही टाकीतून दोन नमुने काढत असू. एक झाकलेल्या पेल्यात वीस मिनिटे कढत पाण्यात ठेवायचा, दुसरा तसाच. मग दोन्ही एकाच तापमानाला आणून हुंगायचे. गरम केलेल्यात लोणी आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे असेल, तर ज्यापासून लोण्याचा वास तयार होतो ते द्रव्य त्या टाकीत शिल्लक आहे आणि लोणी अजून व्हायचे बाकी आहे. एकदा उमेदवारीच्या काळात वहीतली तारीख पाहून मी ही चाचणी न करता टाकी गार करण्यावर सही केली होती. तीन आठवड्यांनी पहिला पेला नाकाशी नेला, तेव्हा त्याला पॉपकॉर्नच्या पुडीसारखा वास येत होता, आणि ती सगळी टाकी ओतून द्यावी लागली.

पुढच्या वेळी मित्रांची परीक्षा घ्यायची असेल, तर एकसारख्या तीन पेल्यांत दोन एका बिअरचे आणि एक दुसऱ्या बिअरचा, असे त्यांना न दाखवता भरून घ्या आणि वेगळा कोणता ते विचारा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकाचे उत्तर बरोबर येते, म्हणून प्रत्येकाला एकदा विचारून निकाल देऊ नका. पेल्यांची जागा बदलून निदान पाच-सहा वेळा विचारा, आणि प्रत्येक वेळी घोट अगदी लहान असू द्या.