टाचणीएवढं कॅलिसियम नेमकं कुठे शोधायचं?

तुमचा प्रश्न असा, की जुन्या जंगलात मोठमोठी झाडं तपासूनही कॅलिसियम, म्हणजे सालीवर आणि लाकडावर टाचणीसारखं उभं राहणारं इवलंसं लायकेन (दगडफूल), का सापडत नाही. माझ्या मते झाडं तुम्ही बरोबर निवडताय, बाजू चुकतेय.

लायकेन म्हटलं की आपण खोडाच्या ओल्या, शेवाळलेल्या बाजूकडे वळतो. कॅलिसियम मिळतं ते पाऊस थेट लागत नाही तिथे: कललेल्या खोडाच्या खालच्या अंगाला, सालीच्या खोल भेगांत. हवा मात्र दमट हवी. या लायकेनमध्ये बुरशीसोबत हिरवं शैवाल राहतं आणि अशा जोडीला नुसत्या हवेतल्या ओलाव्यावरही प्रकाशसंश्लेषण सुरू करता येतं. म्हणून पावसावाचून त्याचं अडत नाही.

उभं वाळलेलं झाड दिसलं तर ते आधी बघा. साल गळून उघडं पडलेलं कठीण लाकूड काही जातींना फार मानवतं. कॅलिसियम ग्लॉसेलम तिथलंच. आडवं पडलेलं खोड लवकर ओलं होतं आणि त्यावर शेवाळ चढतं, तिथे मी फारसा वेळ घालवत नाही.

बघायची पद्धतही महत्त्वाची. समोरून पाहिलं तर काळे ठिपके वाटतात. डोळा खोडाला जवळजवळ टेकवून सालीच्या कडेने तिरकं बघा आणि दहापट भिंग वापरा. मग एक-दोन मिलिमीटर उंचीचे काळे देठ आणि त्यांवरची डोकी उभी दिसतात. कॅलिसियम विरिडीमध्ये खाली हिरवा दाणेदार थर असतो आणि डोक्याच्या खालच्या बाजूला तपकिरी भुकटी. बोट हलकेच टेकवलं तर काळा डाग उमटतो. ते बीजाणू! ज्या पिशव्यांत ते तयार होतात त्या विरघळून जातात आणि माथ्यावर कोरडी पूड साठते. मला या वंशातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

तरुण लागवडीत मात्र फार आशा धरू नका. स्वीडनमध्ये लायकेनचे अभ्यासक लीफ टिबेल यांनी अशा टाचणीसारख्या लायकेनच्या गटाचा उपयोग जंगल किती काळ अखंड टिकलंय हे ओळखण्यासाठी केला, तो उगाच नाही. जुनी साल आणि वाळून वर्षानुवर्षं उभी राहिलेली लाकडं घाईने तयार होत नाहीत. म्हणून नमुन्यासाठी साल सोलू नका, फोटो काढा.

आणि डिंकावर अशाच टाचण्या दिसल्या तर ते बहुधा कीनोथेकॉप्सिस (एक बुरशी) असेल. दिसायला सारखं, पण त्यात शैवाल नसतं.