मित्राचं नाव आलं, माझ्या मुलाचं नाही

ताई, पत्र दोनदा वाचलं. तुमचा मुलगा अठरा वर्षांचा, लेफ्ट आर्म स्पिनर, सिलेक्शनसाठीच्या चॅलेंजर स्पर्धेपर्यंत पोचला पण अंडर नाइन्टीन वर्ल्ड कपच्या पंधरा जणांत त्याचं नाव आलं नाही, आणि सातवीपासून ज्याच्यासोबत नेटला जातोय, आधी पीएमटीने आणि आता एकाच गाडीवर, त्या मित्राचं आलं, तोही लेफ्ट आर्म स्पिनरच. मिस्टर रोज रात्री जेवताना मोबाईलवर दोघांचे स्कोअरकार्ड काढतात आणि वशिला लागला म्हणतात, मित्राच्या आईने पाठवलेला पेढ्यांचा बॉक्स न उघडता फ्रीजमध्ये पडून आहे आणि रविवारी त्यांच्याकडे सेंड-ऑफ आहे तिथे पाय ठेवायचा नाही असं मुलाला बजावलंय. मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. तुम्ही विचारताय, त्याची समजूत कशी घालू.

ताई, मला वाटतं आधी त्याच्या बाबांची घालायला हवी.

मुलाला काही समजत नाहीये असं नाहीच, त्याला सगळ्यांत जास्त समजतंय. त्याला प्लीज पुढच्या वेळी होईल असं म्हणू नका, कारण पुढची वेळ नाहीये. हा वर्ल्ड कप दोन वर्षांनी येतो, तोवर तो वयात बसणार नाही, हे त्याला तारखेसकट पाठ असणार. जे गेलं ते खरंच गेलंय, त्यामुळे त्याला रडायचं असेल तर रडू दे, झोपायचं असेल तर झोपू दे, ताट खोलीत नेऊन दिलंत तरी चालेल काही दिवस.

आता स्कोअरकार्डचं. वशिला कुठेच चालत नाही असं मी म्हणणार नाही, पण तुमच्याच पत्रात लिहिलंय की मुलाच्या विकेट्स कूचबिहारमध्ये जास्त आहेत आणि मित्राच्या विनू मंकडमध्ये. ताई, कूचबिहार म्हणजे अनेक दिवसांची मॅच, तिथे दिवसभर एका टप्प्यावर टाकत राहून विकेट काढायची असते. विनू मंकड मात्र एका दिवसाची, पन्नास ओव्हरची स्पर्धा, आणि वर्ल्ड कपही पन्नास ओव्हरचाच असतो. त्यासाठी सिलेक्टर विनू मंकड आणि चॅलेंजरच बघणार ना, मधल्या ओव्हर्समध्ये रन कोण अडवतो, खाली येऊन बॅट कोण फिरवतो हे बघणार, आणि पंधरात एकसारखे दोन स्पिनर घ्यायचे की एक, हे बाकीची टीम कशी बसते त्यावर ठरतं. तुमचा मुलगा कमी पडला असा याचा अर्थ होत नाही आणि मित्राने त्याची जागा चोरली असाही होत नाही. हे मिस्टरांना सांगा, पण मुलगा समोर नसताना.

कारण मला खरी काळजी वाटतेय ती इथे. त्याची टीममधली जागा गेली, ते कोणाच्या हातात नव्हतं, पण त्याचा मित्र आपण घरात बसून घालवतोय. इतकी वर्षं सोबत घाम गाळलेल्या पोराबद्दल त्याला एकाच वेळी जळफळाटही होत असेल आणि अभिमानही वाटत असेल, आणि तुमच्या डायनिंग टेबलवर त्यातलं फक्त पहिलंच बोलायची परवानगी आहे. म्हणून तो खोलीत आहे असं मला वाटतं. पेढे आज बाहेर काढा, खराब झाले नसतील तर सगळ्यांनी खा, आणि मित्राच्या आईला तुम्ही स्वतः फोन करा. तिलाही काय बोलावं कळत नसेल हो. रविवारी जायचं की नाही ते मुलाला ठरवू द्या, गेला तर कसं झालं म्हणून खोदून विचारू नका, नाही गेला तर त्यावरूनही बोलणी नकोत.

मिस्टरांनी त्याच्यासाठी किती पहाटे घालवल्या असतील, किती सुट्ट्या टाकल्या असतील, ते मी समजू शकते, त्यांचंही काहीतरी तुटलंय. त्यांना सांगा, आपला पुण्याचा राहुल त्रिपाठी भारताकडून पहिली मॅच खेळला 5 जानेवारी 2023 ला, पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमवरच, तेव्हा तो 31 वर्षांचा होता. केदार जाधव 29 व्या वर्षी खेळला. पण हे मुलाला आत्ता ऐकवू नका, आत्ता त्याला ते लेक्चर वाटेल.

दुसऱ्या राज्यातून खेळवायचं म्हणताय ते सध्या बाजूला ठेवा. त्यासाठी एनओसी लागते, नवीन ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात असते, आणि रागात घ्यायचा निर्णय तो नव्हे. महाराष्ट्राची अंडर 23 आहे, सी. के. नायडू ट्रॉफी आहे, एमपीएल म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे, त्याचे कोच त्याला ओळखतात. महिनाभराने मुलगा स्वतः विषय काढेल तेव्हा कोचकडे तिघं मिळून जा, आणि बोलू मात्र त्यालाच द्या.

एक मात्र लक्ष ठेवा. दोन आठवडे होऊनही तो नीट जेवत-झोपत नसेल किंवा जगण्यात काय अर्थ आहे असलं काही बोलला तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना किंवा काउन्सेलरला भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मिस्टरांना बोलायचं असेल तर त्यांनीही लावायला हरकत नाही.