ऑनलाइन मागवलेली वस्तू जुन्या पत्त्यावर गेली तर जबाबदारी कोणाची?

तुम्ही लिहिलंय की घर बदलून चार महिने झाले, अ‍ॅपमध्ये जुना पत्ता राहून गेला, १८,००० चा मोबाइल तिकडे गेला, कंपनी म्हणते डिलिव्हर्ड आणि त्या फ्लॅटमधले म्हणतात आम्ही काही घेतलंच नाही. हे सगळं ठीक आहे पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे, "घरातले सगळे म्हणतात चूक तुझीच, आता गप्प बस". हे वाक्य मी २०२२ च्या चवथीपासून, म्हणजे गणेश चतुर्थीपासून, ऐकतेय.

आम्ही गोव्यात म्हापशाला सहा वर्षं भाड्याने राहत होतो, मग साखळीला स्वतःचं घर झालं आणि मे महिन्यात तिकडे आलो. माझे सासरे विठ्ठलापूरच्या देवळात भजनाला बसतात, घरी रोज संध्याकाळी गातात, आणि त्यांचं ते जुनं इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं मशीन चवथीच्या तोंडावर बंद पडलं. दुरुस्त करणारा म्हणाला पार्ट मिळत नाही. म्हणून मी नवीन मागवलं, ६,८५० रुपयांचं, पैसे आधीच भरून. अ‍ॅपमध्ये दोन्ही पत्ते होते. नवीन मी घातला होता "साखळी" नावाने, आणि जुन्याचं नाव सहा वर्षांपूर्वी "घर" असं ठेवलेलं ते तसंच होतं. ऑर्डर करताना वर "घर" दिसलं आणि मी पुढे गेले. खाली ४०३५०७ लिहिलेलं, ते बघितलं नाही. ही माझी चूक, मी ती पहिल्या दिवसापासून मान्य केलीय, कोणापासून लपवली नाही.

बुधवारी २४ ऑगस्टला मेसेज आला, डिलिव्हर्ड. मी घरीच, दारात कोणी नाही. तेव्हा पत्ता उघडून बघितला आणि पोटात गोळाच आला.

आता एक गोष्ट गोव्याबाहेरच्या लोकांना कळणार नाही. आमच्याकडे पत्ता म्हणजे पंचायतीचा नाहीतर पालिकेचा घर नंबर, वाड्याचं नाव आणि "पिंपळाकडून आत". नंबर ओळीने असतातच असं नाही. त्यामुळे कुरियरवाला फोन केल्याशिवाय येऊच शकत नाही, "खंय मरे तुमचें घर" (कुठे आहे तुमचं घर) असा फोन येतो, आपण बाहेर येऊन हात दाखवतो मग पार्सल मिळतं. सहा वर्षांत माझं एकही पार्सल फोनशिवाय आलेलं नाही. आणि फोन नंबर माझा तोच होता, बदललेला नव्हता. त्या दिवशी त्याने फोन केला असता तर मी सांगितलं असतं की परत ने, आणि विषय तिथेच संपला असता. त्याने का नाही केला हे मला नंतर कळलं.

शुक्रवारी म्हापशाला गेले. चवथ पुढच्या बुधवारी, शुक्रवारचा बाजार, माटोळीच्या (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या) सामानाची गर्दी, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, साखळीहून दिवचल, अस्नोडा, थिवी करत उभ्यानेच गेले. आमच्या जुन्या खोल्यांत नवीन मुली राहायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या ताई आम्ही दिवसभर ड्युटीवर, आम्हाला काहीच माहीत नाही. त्या खरं बोलत होत्या. शेजारीच घरमालक. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माका खबर ना" (मला माहीत नाही). ह्या माणसाने आम्ही सोडताना डिपॉझिटमधले ५,००० रंगासाठी म्हणून कापले होते, सहा वर्षांत एकदाही रंग दिलेला नसताना. तरी मी तेव्हा काही बोलले नाही, माझे मिस्टर म्हणाले होते जाऊ दे.

घरी आले तर चवथीसाठी मंडळी जमायला लागलेली. कंपनीच्या चॅटवर एकच उत्तर, तुम्ही दिलेल्या पत्त्यावर पार्सल पोचलंय, रिफंड होणार नाही. आणि आमचे भावजी, म्हणजे माझे दीर, बँकेत आहेत, ते सगळ्यांसमोर म्हणाले की वहिनी पत्ता तुम्ही दिला, जबाबदारी तुमची, विषय संपला. मी तेव्हा करंज्या भरत होते, तशीच भरत राहिले. त्या चवथीला घुमट आरती झाली, सासरे पेटीवर सूर धरून गायले, कोणाला काही कमी वाटलं नसेल. मला वाटलं.

विषय संपला नव्हता. चवथ झाल्यावर मी चॅट सोडून दिला आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. हा अधिकारी प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला नेमावाच लागतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे ते, त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो, ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. चॅटवरचा पोरगा वेगळा आणि हा वेगळा. मी मेलमध्ये रिफंड मागितलाच नाही, फक्त विचारलं की पार्सल कोणाच्या हातात दिलं, किती वाजता, सही आणि फोटो पाठवा, आणि माझ्या नंबरवर फोन केला होता का ते सांगा. नऊ दिवसांनी फोटो आला. फोटोत बलकांव (घरापुढचा बसायचा ओटा), लाल सोप्यावर, म्हणजे तिथल्या बसायच्या कट्ट्यावर, माझा बॉक्स, आणि मागे तुळस. ती तुळस मी ओळखते, ती घरमालकांची.

मिस्टर म्हणाले, सात हजारांसाठी त्यांच्या दारात उभी राहू नकोस. पण सासरे म्हणाले मी येतो. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे. आम्ही दोघं बसने गेलो, ते त्याच सोप्यावर जाऊन बसले, मी मोबाइल उघडून फोटो दाखवला. घरमालक आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले की तुमचं विजेचं शेवटचं बिल बाकी होतं, १,३४० रुपये, ते द्या आणि सामान न्या. बिल मी जूनमध्येच ऑनलाइन भरलं होतं, पावती फोनमध्ये होती, तीही दाखवली. मग ते आत गेले आणि बॉक्स घेऊन आले. वरची टेप कापलेली. डिलिव्हरीवाला त्यांच्या ओळखीचा, तो मला फोन लावणार होता तर हे म्हणाले "दी हांगा, तीं आमचींच" (दे इथे, ती आमचीच माणसं), हे त्यांच्याच बायकोने आम्हाला सांगितलं, आणि सांगताना तिला वाईट वाटत होतं ते दिसत होतं. सासरे एवढंच म्हणाले, चल, बस चुकेल.

तर माझं म्हणणं असं आहे आणि हे मी भावजींनाही सांगितलंय. पत्ता चुकीचा देणं ही एक गोष्ट आणि दुसऱ्याच्या नावाचं पार्सल घेऊन ठेवणं ही वेगळी गोष्ट. पहिली माझ्याकडून झाली, दुसरी त्यांनी केली, आणि मधली, म्हणजे फोन न करता तिसऱ्याच माणसाच्या हातात देणं, ती डिलिव्हरीवाल्याने. माझ्या चुकीने त्या दोघांची चूक धुऊन निघत नाही. रस्त्यात माझं पाकीट पडलं तर निष्काळजीपणा माझा, पण उचलून खिशात घालणाऱ्याला ते पाकीट त्याचं होत नाही ना. दुसऱ्याची वस्तू हाती आली आणि ती बेइमानीने ठेवून घेतली तर तो गुन्हा आहे, तेव्हा भारतीय दंड संहितेत ४०३ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१४. भावजी अजून म्हणतात की मिळालं ना, मग झालं तर. नाही झालं. मिळालं कारण मी गप्प बसले नाही.

तुमच्या मोबाइलबद्दल. एवढ्या किमतीच्या फोनला बहुतेक वेळा ओटीपी घेतात. तुमच्याकडे ओटीपी आला होता का हे तुम्ही लिहिलेलंच नाही आणि सगळं त्यावर अडलंय. आला आणि तुम्ही फोनवर सांगून टाकला असेल तर तुमची बाजू फार कमकुवत. आला, सांगितला नाही आणि तरी डिलिव्हर्ड दाखवतंय, तर प्रश्न त्यांना विचारायचा, तुम्हाला नाही. आणि माल निघायच्या आधी तुम्ही पत्ता बदलायला सांगितला असेल आणि त्यांनी हो म्हटल्याचा मेसेज असेल तर ती सरळ सेवेतली त्रुटी, त्यांची. १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो, मुदत दोन वर्षांची.

मी वकील नाही हे आधीच सांगायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर तुम्हीच दिलेल्या पत्त्यावर, तिथल्या माणसाकडे, नियमाप्रमाणे दिलं असेल तर कंपनीकडून पैसे मिळणं कठीण आहे, तिथे भावजींचं बरोबर आहे. माझं मशीनही मला कंपनीने दिलेलं नाही, कंपनीने फक्त फोटो दिला. आणि फ्लॅटमधल्या लोकांवर लगेच आरोप करू नका, माझ्या केसमध्ये त्या मुलींना खरंच काही माहीत नव्हतं आणि मी त्यांच्यावर चिडले असते तर नंतर तोंड दाखवता आलं नसतं. पोस्टाची पत्रं वेगळी, तिथे लेखी अर्ज दिला की नवीन पत्त्यावर वळवतात, कुरियरवाले तसं करत नाहीत.

आज रात्रीच तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाका, सही, फोटो, वेळ आणि कॉलचा रेकॉर्ड मागा. फोटो आला की त्यात दार कुठलं दिसतंय ते इथे लिहा, मी बघते.